कपाशीवरील गुलाबी बोंडअळी : फवारण्या कमी करून पीक राखता येईल का?

काळीकसदार, घाटंजी (यवतमाळ) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे सहा एकर कोरडवाहू कपाशी आहे. मृगाच्या शेवटच्या पावसावर लावलेले बीटी (बोंडअळीला मारक जिवाणूचे जनुक घातलेले) वाण आहे आणि आता ते पात्या (कळ्या) आणि फुलांवर आले आहे. मागील हंगामात पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र निघाला, मात्र दिवाळीनंतर फुटलेल्या बोंडांत निम्मीशिम्मी कवडी (किडका, डागाळलेला कापूस) होती आणि सरकी फोडून पाहिली तर आतून पोखरलेली. फवारण्या करूनही हे झाले. दुकानातून दर वेळी नवे औषध मिळत गेले, एकात दुसरे मिसळून मारण्याचा सल्लाही मिळाला, पण बोंड फोडले की आत अळी जिवंतच.

फवारण्या कमी करायचे दुसरे कारण असे की 2017 साली आमच्या जिल्ह्यात जे घडले ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले. तेव्हापासून घरातूनच फवारणीला विरोध होतो आणि मजूरही पंप पाठीवर घ्यायला सहजासहजी तयार होत नाहीत.

म्हणून विचारतो : कामगंध सापळे, ट्रायकोकार्ड (मित्रकीटकाची अंडी चिकटवलेले कार्ड) आणि निंबोळी अर्क यांपैकी गुलाबी बोंडअळीवर खरोखर काय चालते, कोणत्या वेळी आणि किती प्रमाणात? "सगळे रासायनिक बंद करा" असे सांगणारे आणि "या भानगडीत पडू नका, जालीम औषध मारा" असे सांगणारे, दोघेही मला गावातच भेटतात. त्यामुळे ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा ज्यांना या किडीची माहिती आहे, त्यांनी कारणासह सांगावे. शेजारच्या शेतांत काहीच केले जात नसेल तर मी एकट्याने केलेल्याचा उपयोग होतो का, हाही प्रश्न आहेच.

बांधावरून, अकोला (निवृत्त कृषी पर्यवेक्षक)

"बोंड फोडले की आत अळी जिवंतच" हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि कोणता उपाय चालेल, कोणता वाया जाईल, हे त्यावरूनच ठरते. गुलाबी बोंडअळीची मादी रात्री पात्यांवर, फुलांजवळ आणि कोवळ्या बोंडांच्या बुडाशी अंडी घालते. अंडे साधारणतः चार ते सहा दिवसांत उबते आणि त्यातून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी लवकरच फूल किंवा बोंड पोखरून आत शिरते. आत जाताना पडलेले छिद्र बोंड वाढते तसे बुजून जाते. पुढचे दहा ते चौदा दिवस ती आतच सरकी खात राहते आणि त्या काळात बाहेरून कितीही महागडे औषध मारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे तिला गाठण्याच्या संधी तीनच : पतंग, अंडे आणि नुकतीच बाहेर पडलेली अळी. आपण विचारलेले तिन्ही उपाय या तीन अवस्थांसाठीच आहेत, बोंडातल्या अळीसाठी नाहीत. बोंडात शिरलेल्या अळीवर त्यांचा परिणाम होत नाही, हे आधीच समजून घेतले तर नंतर निराशा होणार नाही.

बीटी असूनही अळी का येते, याबद्दल आजही गैरसमज आहेत. आपल्याकडे 2002 साली एका जनुकाचे आणि 2006 साली दोन जनुकांचे बीटी वाण आले. अमेरिकन बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळी यांना ते वाण अजूनही बऱ्यापैकी रोखतात. गुलाबी अळीने मात्र गुजरातेत 2010 च्या सुमारास पहिल्या जनुकाला आणि पुढील काही वर्षांत दुसऱ्यालाही दाद देणे सोडले. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर जो हाहाकार झाला तो याच प्रतिकारक्षम अळीचा. याला आपणही हातभार लावला. बीटीच्या 450 ग्रॅम पाकिटासोबत 120 ग्रॅमचे बिगरबीटी, म्हणजे आपण ज्याला रेफ्युजी म्हणतो ते बियाणे मिळत असे. ते शेताच्या कडेने लावले असते तर तेथे वाढलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग कमी झाला असता. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिले. त्यातच आपल्याकडील वाण संकरित असल्याने एकाच बोंडातील सर्व सरक्यांमध्ये दोन्ही जनुके सारखी उतरत नाहीत. सरकीच खाणाऱ्या या किडीला त्यामुळे बोंडातल्या बोंडात सराव करण्याची सोय मिळाली.

आता सापळ्यांविषयी. कामगंध सापळ्यातल्या ल्युरमधून, म्हणजे गंधाच्या गोळीतून, मादीसारखा गंध सुटतो आणि नर पतंग त्यात अडकतात. लागवडीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन सापळे लावावेत, ते पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवावेत आणि पीक वाढेल तसे वर घ्यावेत. ल्युर तीन ते चार आठवड्यांनी बदलावी लागते आणि ती याच अळीची हवी. अमेरिकन बोंडअळीची ल्युर लावून "सापळ्यात काहीच येत नाही" म्हणणारे शेतकरी मी पाहिले आहेत. हे दोन सापळे पतंग संपवण्यासाठी नसतात, ते पाळतीसाठी असतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करावाच लागेल इतका प्रादुर्भाव, गाठली असे समजावे. पतंग धरून संख्याच कमी करायची असेल तर एकरी आठ सापळे लागतात आणि ते शक्यतो शेजाऱ्यांसह लावावेत, कारण आपल्या शेतातले नर पकडले तरी पलीकडून मीलन झालेली मादी येऊन अंडी घालू शकते.

सापळ्याइतकेच महत्त्व बोंडे फोडून पाहण्याला आहे आणि नेमके तेच कोणी करत नाही. फुले येऊ लागली की दर आठवड्याला शेतात तिरकस फिरून डोमकळ्या शोधाव्यात. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल दिसले तर आत अळी असते. असे फूल तोडून तेथेच टाकू नये, पिशवीत जमा करून नष्ट करावे. बोंडे धरू लागल्यावर एकरी वीस हिरवी, मध्यम वाढीची बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून घेऊन दगडाने फोडावीत. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर प्रादुर्भाव दहा टक्के झाला आणि तेव्हा उपाय लांबवू नये. सापळ्याची आणि बोंडांची नोंद वहीत ठेवली तर दुकानात जाताना आपल्याला नेमके काय हवे आहे हे आपणच सांगू शकतो.

निंबोळी अर्काचा उपयोग आहे, पण मर्यादित. पाच टक्के अर्कासाठी पाच किलो निंबोळीचा भरडा नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा एक लिटर पाण्यात विरघळवावा, सकाळी भरडा फडक्यातून पिळून गाळावा, दोन्ही एकत्र करून एकूण शंभर लिटर करावे आणि त्याच दिवशी वापरावे. त्यातील मुख्य घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी उतरत्या उन्हात करावी. या अर्काने मादी अंडी घालायला कचरते, लहान अळ्यांची वाढ खुंटते आणि मावा-तुडतुडेही आटोक्यात राहतात. पहिल्या पात्यांपासून आलटूनपालटून वापरल्यास त्याचे मोल कळते. दहा टक्के बोंडे किडल्यावर तो मारणे व्यर्थ आहे.

रासायनिक औषध अजिबात नको, असे मी म्हणणार नाही. मात्र पहिल्या दोन महिन्यांत ते जितके टाळता येईल तितके टाळावे. बीटी बियाण्याला कंपनीनेच कीटकनाशक चोळलेले असते आणि सुरुवातीचा महिना-सव्वा महिना तुडतुड्यांपासून त्याचे संरक्षण मिळते. तरीही पीक वीतभर झाले की पंप बाहेर निघतो. मोनोक्रोटोफॉस किंवा ॲसिफेट लवकर मारल्याने झाड हिरवेगार होते, शेतकरी खूष होतो, पण कायिक वाढ लांबते, फुले-बोंडे एका वेळी न येता पुढे-मागे येत राहतात आणि अळीला महिनोनमहिने कोवळे बोंड मिळत जाते. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉईड्स सुरुवातीला मारली तर ढालकिडे आणि हिरवे जाळीपंखी पतंग हे मित्रकीटक आधी मरतात आणि मागोमाग पांढरी माशी उसळते. नुकसानीची पातळी ओलांडल्यावर शिफारशीतील एकच औषध, लेबलवरील मात्रेत, मारावे. पुढच्या वेळी दुसऱ्या गटातील घ्यावे. कृषी विभागाच्या क्रॉपसॅप प्रकल्पात 2009-10 पासून किडींचे सर्वेक्षण होते. आपल्या कृषी सहायकाकडून तालुक्याचा सल्ला मिळतो, तोही आपल्या वहीतील आकड्यांशी ताडून पाहावा.

सरकीवाली, जालना

बांधावरून साहेबांनी नियम सांगितले आहेत, मी व्यवहार सांगते. आमच्या घरी कपाशीचे व्यवस्थापन मीच पाहते आणि ट्रायकोकार्ड आम्ही काही हंगाम वापरले आहे.

ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशीची जात आहे. ती बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि त्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर तिची वाढ करतात आणि ती अंडी कार्डावर चिकटवून विकतात. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात आणि एकरी साठ हजार, म्हणजे तीन कार्डे, हे प्रमाण सांगितले जाते. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रे ही प्रजाती मागावी, कारण उसाच्या खोडकिडीसाठी दिली जाणारी कार्डे वेगळ्या प्रजातीची असतात आणि विक्रेता कधी कधी हातात असलेली देऊन मोकळा होतो. फुले लागताना सुरुवात करून आठवड्याच्या अंतराने सोडण्या कराव्या लागतात, एकदा सोडून काही साधत नाही.

अडचणी कोणत्या, तेही लिहिते. कार्ड मागवल्यावर ते प्रवासातच उबले तर शेतात आपण कोरा कागद लावतो. म्हणून कार्डावर लिहिलेली तारीख पाहावी, त्या तारखेपर्यंत ते थंड जागी ठेवावे आणि माश्या बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूस टाचावे. पानाच्या वर लावले तर ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात. मुंग्यांचा त्रास असलेल्या तुकड्यात मुंग्या अंडी उचलून नेतात. सर्वांत मोठी अट अशी की कार्ड लावल्यावर किमान आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी करता येत नाही. त्या काळात तुडतुडे वाढले तर मन डळमळते, घरातले लोकही बोलू लागतात. अशा वेळी निंबोळी अर्क हातात असावा. ट्रायकोग्रामाला त्याचा रासायनिक औषधाइतका त्रास होत नाही.

तुडतुड्यांची भीतीही मोजून बाळगावी. पानामागे दोन-तीन पिल्ले सतत दिसू लागली आणि पानांच्या कडा पिवळ्या पडून वळू लागल्या, तर काही करावे. एखादे तुडतुडे उडाले म्हणून पंप उचलू नये. बांधावर आणि मध्ये काही ओळी चवळी व मका लावल्यास ढालकिड्यांना मावा खायला मिळतो आणि ते शेतात टिकतात. आम्हाला चवळीच्या शेंगा घरी खाण्यापुरत्या मिळतात, हा वरकड फायदा.

दशपर्णी अर्काबद्दल माझे मत लोकांना आवडत नाही. कडुनिंब, सीताफळ, निरगुडी, घाणेरी, करंज असा पाला महिनाभर कुजवून केलेला तो अर्क रसशोषक किडींवर थोडाफार चालतो असे मला वाटते. मात्र गुलाबी बोंडअळीवर तो पुरेसा आहे असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्या माणसाच्या शेतातली डिसेंबरमधील बोंडे फोडून पाहावीत. लोक महिनाभर ड्रम ढवळतात आणि सापळ्यातली ल्युर बदलायला विसरतात, हे मला उलटे वाटते.

औषधाच्या काउंटरवरून, वर्धा जिल्हा

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे माझे बोलणे काहींना हितसंबंधाचे वाटेल. तरीही दुकानदाराच्या सल्ल्यावर जे ताशेरे ओढले जातात त्यांची दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. शेतकरी दुकानात येतो तेव्हा बोंडे किडलेली असतात, त्याला त्याच दिवशी उपाय हवा असतो आणि बहुतेक वेळा माल उधारीवर घ्यायचा असतो. मी "सापळा लावा" म्हटले तर तो पुढच्या दुकानात जातो. शिफारशीपेक्षा जास्त मात्रा आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण ही मागणी काउंटरच्या त्या बाजूनेही येते. अर्थात ती पुरवणारे आम्हीच असतो, हेही नाकारत नाही.

आपण मात्र खरेदी करताना काही गोष्टी आग्रहाने पाहाव्यात. डब्यावरील रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वाधिक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. निळ्या-हिरव्या त्रिकोणातील औषधाने काम भागत असेल तर लाल का घ्यावे, असे दुकानदाराला विचारावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. बिलाशिवाय तक्रार उभीच राहत नाही.

"जैविक" या शब्दाला भुलू नये, असेही मला सांगायचे आहे. कडुनिंबावर आधारित तयार औषध असो की बव्हेरियासारखी बुरशी, कीटकनाशक म्हणून विकण्यासाठी त्यांनाही 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक नसलेली, घटक न लिहिलेली, "सर्व किडींवर एकच रामबाण" असे छापलेली बाटली चोवीस तासांत अळ्या पाडत असेल तर आत रासायनिक औषध मिसळले असण्याची शंका घ्यावी. खरी बुरशी इतक्या वेगाने काम करत नाही. तिला हवेत दमटपणा लागतो आणि काही दिवस लागतात. अशा बाटलीचा धोका दुहेरी असतो. शेतकरी तिला निरुपद्रवी समजून हातमोजे न घालता हाताळतो, आणि विषबाधा झालीच तर डॉक्टरांना पोटात किंवा अंगात नेमके काय गेले हे कळत नाही.

गावचा दवाखाना (वैद्यकीय अधिकारी, विदर्भ)

शेवटच्या मुद्द्याला धरूनच लिहितो. फवारणीतील विषबाधा नाकातोंडातून होते असे सर्वसाधारण समजतात. प्रत्यक्षात पाठीवर गळणारा पंप, भिजलेला सदरा आणि उघडे पाय यांच्या वाटे कातडीतून विष बरेच जाते. 2017 च्या हंगामात कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्याइतकी किंवा त्याहून उंच झाली होती, त्यामुळे नोझल वर धरावे लागत होते आणि तुषार तोंडावर व छातीवर येत होते. त्यात दमट उकाडा, घामाने उघडलेली कातडी, दिवसभर न थांबता काम आणि मिश्रणे. हे सारे एकत्र आल्यावर एरवी निभावणारी सवय जिवावर बेतते.

मिश्रणाबद्दल वैद्यकीय बाजू अशी आहे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषावर ॲट्रोपिन हा उतारा उपलब्ध आहे. पायरेथ्रॉईड किंवा डायफेंथियुरॉन यांच्यासाठी तसा खास उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधे एकत्र गेली की लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि पहिले मोलाचे तास निदानात जातात. म्हणून रुग्णाला आणताना औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत आणावेच. खूप घाम, लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी, बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे किंवा श्वास जड होणे यांपैकी काही दिसले तर काम तेथेच थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि थेट दवाखाना गाठावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रकार अजूनही दिसतो. तो करू नये.

आणखी एका वर्गाकडे कोणाचे लक्ष जात नाही. औषध कालवण्यासाठी पाणी वाहून आणणाऱ्या, बादलीत हात घालून ढवळणाऱ्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याच ओल्या पिकात निंदायला जाणाऱ्या बायकांना आम्ही "फवारणी केली का?" असे विचारतो, त्या "नाही" म्हणतात, आणि डोकेदुखी-मळमळीची गोळी घेऊन परत जातात. फवारलेल्या तुकड्यात पुन्हा केव्हा जावे, हे लेबलवर दिलेले असते. निंदणाची आणि वेचणीची आखणी करताना तेही पाहिले जावे. लहान मुलांना तर त्या दिवशी शेतात नेऊच नये.

काळीकसदार

सर्वांचे आभार. पाळतीचे सापळे आणि ल्युर मी आणतो, बोंडे फोडण्याची वहीही सुरू करतो. एक शंका उरते. माझी कपाशी कोरडवाहू असल्याने डिसेंबरअखेर तसेही उभे पीक सुकते. पण माझ्या शेताला लागून ज्यांच्याकडे विहीर आहे ते फरदड (वेचणी संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेले तेच पीक) घेतात आणि त्यांची पऱ्हाटी (कपाशीची झाडे) मार्च-एप्रिलपर्यंत हिरवी असते. गावापासून दोन-तीन कोसांवर जिनिंगही (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) आहे. अशा स्थितीत ट्रायकोकार्डांवर खर्च करावा की तो पैसा वाचवावा? आणि ज्या दोऱ्या झाडाला बांधल्यावर नराला मादी सापडतच नाही असे म्हणतात, त्यांचा माझ्या सहा एकरांत उपयोग होईल का?

बांधावरून

दोऱ्यांचे आधी सांगतो. त्या तंत्रात शेतभर मादीचा गंध इतका पसरवला जातो की नराला खरी मादी ओळखू येत नाही. गुलाबी बोंडअळीवर हे तंत्र परिणामकारक आहे, पण त्यासाठी सलग मोठे क्षेत्र लागते. सहा एकरांच्या चारही कडांनी उघडी शेते असतील तर बाहेर मीलन होऊन आलेल्या माद्यांवर त्या दोऱ्यांचा काहीच अंमल चालत नाही. आपल्या शिवारातील शेजारी मिळून पन्नास-साठ एकर सलग करत असतील तरच हा खर्च करावा, एरवी नको.

ट्रायकोकार्डे या हंगामात सर्व सहा एकरांत न लावता सरकीवाली ताईंनी सांगितलेली प्रजाती खात्रीने मिळत असेल तर एका तुकड्यात लावून पाहावीत आणि दोन्हीकडची बोंडे फोडून फरक नोंदवावा. सापळे व निरीक्षण मात्र पूर्ण क्षेत्रात हवे.

आता फरदडीविषयी, कारण आपल्या प्रश्नातील खरा गुंता तेथे आहे. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. भेंडी-अंबाडीवर थोडीफार आढळते, पण तिचा संसार कपाशीवर. हंगामाच्या शेवटी वाढलेल्या अळ्यांपैकी काही कोषात न जाता दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत, किंवा वाळलेल्या बोंडांत आणि मातीत निपचित पडून राहतात, आणि पुढील पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर पडतात. जानेवारी ते मे शिवारात हिरवी कपाशी नसेल आणि मे महिन्यात घाईने बागायती लागवड झाली नसेल, तर लवकर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला जागाच मिळत नाही. फरदड आणि मेमधील लागवड या दोन्ही टोकांनी आपण ती मोकळी जागा भरून काढतो, अळीला बाराही महिने घर मिळते. म्हणून शेजाऱ्याच्या फरदडीवर बोलणे हा आपल्या फवारणीचाच भाग समजावा. फरदडीतून मिळणाऱ्या कवडीमिश्रित कापसाचा भाव, पाण्याचा व वेचणीचा खर्च आणि त्या रानात हरभरा किंवा उन्हाळी तीळ घेतल्यास होणारे उत्पन्न यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तर विहीरवाले ऐकतात असा अनुभव आहे. उपदेशाने ऐकत नाहीत.

अमेरिकेत हीच अळी 2018 साली कापूस पट्ट्यातून संपल्याचे तेथील कृषी खात्याने जाहीर केले. तेथे बीटी वाण होते, कामगंध तंत्र होते, विमानातून सोडलेले वांझ पतंग होते आणि पीक निघाल्यावर पऱ्हाटी नष्ट करण्याचे बंधनही होते. शेतकऱ्यांनी स्वतः पैसा घातला आणि संपूर्ण खोरीच्या खोरी एका वेळी त्यात उतरली. आपल्याकडे तेवढी यंत्रणा नाही. मात्र पऱ्हाटी वेळेत काढणे आणि लागवडीची वेळ एकत्र ठरवणे यांना विमान लागत नाही, ग्रामसभा पुरते.

जिनिंगच्या आवारातही अशाच कामगंध सापळ्यांची शिफारस आहे, कारण कापसासोबत आलेल्या अळ्या तेथे कोषात जातात आणि सरकीच्या ढिगातून पतंग निघत राहतात. ग्रामपंचायतीने आणि कृषी सहायकाने मिळून मालकाशी बोलावे, एकट्या शेतकऱ्याचे ते काम नव्हे. घरात किंवा गोठ्यात साठवलेला किडका कापूस मात्र आपल्या हातात आहे, तो उन्हाळाभर ठेवू नये.

डिसेंबरअखेर शेवटची वेचणी झाली की रानात शेळ्या-मेंढ्या बसवाव्यात, त्या उरलेली कच्ची बोंडे आणि कोवळा पाला खाऊन टाकतात. मात्र शेवटची फवारणी नुकतीच झाली असेल तर जनावरे सोडू नयेत. त्यानंतर पऱ्हाटी मुळासकट उपटावी किंवा श्रेडरने बारीक करून कुजवावी. सरपणासाठी बांधावर रचून ठेवली तर अळी त्यात पावसाळ्यापर्यंत टिकते. जमिनीत वाफसा असेपर्यंत खोल नांगरट करून घ्यावी आणि मार्चपासून ते रान उन्हात तापू द्यावे.